रिनेलाची शंभर टनी तोफ आणि तिच्याभोवतीची इमारत: प्रतिकृतीच्या नोंदी

३ जून २०२५

प्रतिकृतीसाठी माल्टा बेटावरचा रिनेला किल्ला नक्की केला. प्रमाण १:५०. संपूर्ण किल्ला करायचा नाही, फक्त मधला काप: तोफेचा चौथरा, एका बाजूची भरणीची खोली आणि त्यांच्या पोटातला खालचा मजला. सगळा आराखडा एका नजरेत कळावा म्हणून सोबत एक छोटा ठोकळा. दिवाळीच्या सुट्टीआधी कॉलेजच्या प्रदर्शनात हे उभं राहायला हवं.

दुर्गस्थापत्य शिकवताना आम्ही रायगड, सिंधुदुर्ग, वसईपर्यंत मन लावून येतो आणि तिथून थेट दुसऱ्या महायुद्धातल्या काँक्रीटच्या बंकरवर उडी मारतो. मधल्या काळात तोफेच्या नळीला आतून आटे पडले, जहाजांनी लोखंडी चिलखत घातलं आणि किनाऱ्यावरच्या तटबंदीला आपलं रूप मुळापासून बदलावं लागलं. हा बदल मुलांना दाखवायला हाताशी काहीच नसतं. रिनेला त्यासाठी फार चांगलं उदाहरण आहे, कारण तिथे एकच तोफ आहे. १८७८ ते १८८६ या काळात माल्टाच्या पूर्व किनाऱ्यावर, काल्कारा गावाजवळ, ब्रिटिशांनी एका तोफेसाठी एक अख्खा किल्ला बांधला. जोडीला दुसरी लहान तोफसुद्धा ठेवली नाही. त्यामुळे इथल्या कुठल्याही भिंतीपाशी उभं राहून 'ही इथे का' असं विचारलं, तर उत्तर त्या एका तोफेपाशीच जातं.

मागच्या हिवाळ्यात तिथे काढलेले फोटो, पायांनी मोजलेली अंतरं आणि वहीतली कच्ची चित्रं एवढ्या शिदोरीवर सुरुवात करते आहे.

९ जून

तोफेची मापं भिंतीवर लावली. वजन सुमारे १०२ टन. लांबी जवळपास १० मीटर, म्हणजे आमच्या प्रतिकृतीत २० सेंटिमीटर. नळीचा आतला व्यास ४५० मिलिमीटर, आमच्याकडे ९. गोळा साधारण ९०० किलोचा आणि तो फेकायला २०० किलोहून थोडी जास्त काळी दारू. मारा सहा किलोमीटरच्या आसपास. आणि ही तोफ तोंडाकडूनच भरायची. सगळ्या आराखड्याची किल्ली या शेवटच्या गोष्टीत आहे, पण त्यावर सवडीनं लिहीन.

एवढी मोठी तोफ कशासाठी, हे मुलांना आधी सांगावं लागेल. इटलीनं १८७३ मध्ये 'दुइलिओ' आणि 'दांदोलो' ही दोन युद्धनौका बांधायला घेतल्या. आरेखन बेनेदेत्तो ब्रिन यांचं. चिलखत ५५ सेंटिमीटर जाडीचं, आणि प्रत्येक जहाजावर इंग्लंडच्या आर्मस्ट्राँग कारखान्यातून घेतलेल्या चार शंभर टनी तोफा. त्या वेळी ब्रिटिश आरमाराची सर्वांत जड तोफ ८० टनांची. माल्टा म्हणजे त्यांच्या भूमध्य समुद्रातल्या आरमाराचं घर, आणि इटलीचं सिसिली बेट तिथून हाकेच्या अंतरावर. मग ब्रिटिश सरकारनं त्याच कारखान्याकडून तशाच चार तोफा विकत घेतल्या. दोन माल्टाला: एक रिनेलाला, दुसरी बंदरांच्या पलीकडच्या अंगाला, स्लीमाजवळच्या केंब्रिज बॅटरीत. उरलेल्या दोन जिब्राल्टरला.

म्हणजे ज्या कारखान्यानं धोका विकला, त्यानंच उतारा विकला. याचा एक पुरावा इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला अजून नदीवर उभा आहे. तिथला फिरता पूल आर्मस्ट्राँग यांनी बांधला, कारण जुन्या पुलामुळे मोठी जहाजं त्यांच्या एल्सविकच्या कारखान्यापर्यंत पोचू शकत नव्हती. १७ जुलै १८७६ ला नव्या पुलातून पहिलं जहाज पार झालं ते इटलीचं 'युरोपा', आणि ते निघालं होतं शंभर टनी तोफ न्यायला. तो पूल फिरायचा पाण्याच्या दाबावर. रिनेलाची तोफही पाण्याच्या दाबावरच फिरायची. प्रतिकृतीत ही गोष्ट दिसलीच पाहिजे, नुसती फलकावर लिहून भागणार नाही.

१७ जून

आज पूर्ण दिवस आराखड्यावर. पंचकोनी आकार, भोवती कोरडा खंदक. माल्टाचा दगड म्हणजे मधाच्या रंगाचा मऊ चुनखडक. करवतीनं कापता येतो, त्यामुळे खंदकाची खालची बाजू खडकातच कोरून काढलेली आहे आणि वरची बांधीव. फोटोत दोन्हींमधली सीमा शोधायला भिंग लागलं.

खंदकाचा बचाव फक्त बंदुकांवर सोपवलेला आहे. कॅपोनिअर म्हणजे खंदकात पुढे काढलेली, वरून झाकलेली बुटकी कोठडी. तिच्या दोन्ही अंगांना जंग्या (बंदुका रोखायची भिंतीतली भोकं), म्हणजे खंदकात उतरलेला माणूस कोणत्याही बाजूनं टप्प्यात येतो. समोरच्या, बाहेरच्या भिंतीच्या पोटातही अशीच एक गॅलरी. आपल्याकडच्या जंग्या पाहिलेल्या माणसाला हे सगळं ओळखीचं वाटेल. फरक एवढाच की इथे जंग्या समुद्राकडे नाहीत. मागून जमिनीवर उतरून कुणी तोफेवर चालून आलं तर त्याला रोखण्यापुरत्याच त्या आहेत.

आत जायला खंदकावर एकच पूल, गथ्री पद्धतीचा. हा वर उचलला जात नाही, आडवाच मागे सरकत दरवाज्याच्या आत जातो. उचलता पूल उभा राहिला की लांबून दिसतो. हा मागे गेला की बाहेर काहीच शिल्लक राहत नाही.

आणि समुद्राकडची बाजू? तिथे दाखवण्यासारखं जवळजवळ काहीच नाही. उतरता मातीचा भराव, त्यामागे जाड कठडा, आणि त्या कठड्यावरून बाहेर डोकावणारी नळी. ना बुरूज, ना चर्या, ना कमानीतले झरोके. १८६० च्या दशकात इंग्लंडच्या किनाऱ्यावर जे किल्ले उभे राहिले त्यांना निदान ग्रॅनाइटची भिंत आणि लोखंडी ढाली तरी होत्या. इथे उभी भिंत हवीच कशाला, कारण उभी भिंत म्हणजे गोळ्याला आयतं लक्ष्य. डुलणाऱ्या जहाजावरून काही किलोमीटरवरचा एवढासा उंचवटा टिपणं त्या काळी अवघडच होतं, म्हणून तोफ उघड्यावर ठेवण्याचा धोका त्यांनी पत्करला. पहिल्या वर्षाच्या मुलांना 'दर्शनी बाजू काढा' असं सांगितलं तर ती इथे अडून बसतील. त्यांनी अडावं असंच मला वाटतं.

२६ जून

आज छेद काढताना जे हाती लागलं ते नीट लिहून ठेवते, कारण प्रतिकृतीचा सगळा भर आता इथेच राहणार आहे.

एक बार उडवून झाला की काय होतं ते क्रमानं बघू. काळ्या दारूचा बराच भाग काजळीच्या रूपात नळीतच राहतो आणि त्यात एखादी ठिणगी धुमसत असू शकते. तिच्यावर नवी दारू ढकलली तर भरणाऱ्यांचाच घात. म्हणून नळी आधी धुवायची. मग दारूच्या थैल्या, मग गोळा, आणि हे सगळं तोंडातून पार तळापर्यंत ठासायचं. गोळा ९०० किलोचा, नळी जवळपास १० मीटर लांब. भरणारी माणसं कठड्याच्या पुढे, शत्रूच्या नजरेसमोर उभी करणं तर शक्यच नाही.

म्हणून तोफ स्वतःच भरणीकडे जाते. बार झाला की ती आडवी फिरते, तोंड खाली घालते आणि चौथऱ्याच्या बाजूला असलेल्या, चिलखती कवच लावलेल्या खोलीच्या भोकापाशी ते टेकवते. आतून पाण्याचा फवारा नळी धुतो. खालच्या कोठारातून दारू आणि गोळा पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या पाळण्यातून वर येतात, आणि पाण्याच्याच दाबानं चालणारा गज ते आत ठासतो. तोफेचं तोंड खाली झुकलेलं असल्यानं गजाला गोळा चढावर ढकलावा लागतो. ९०० किलो, चढावर, तेही माणसांच्या हातानं नाही. मग तोफ डोकं वर काढते आणि समुद्राकडे वळते. पुढच्या वेळी ती दुसऱ्या बाजूच्या खोलीकडे जाते, कारण तोवर तिथली सामग्री तयार असते. या उलटसुलट फेऱ्यांमुळे दर सहा मिनिटांना एक बार शक्य व्हायचा.

आता आराखड्याकडे पुन्हा पाहिलं. डावीकडे एक भरणीची खोली, उजवीकडे एक. प्रत्येकीच्या खाली तिचं स्वतंत्र कोठार, मध्ये यंत्रघर. मला इतके दिवस ही दोन्ही अंगांची समानता म्हणजे व्हिक्टोरियन काळातली शिस्त वाटत होती. पण ही समानता त्या फेऱ्यांमुळे आलेली आहे. खोल्यांची जागा, त्यांचे कोन, जमिनीचे उतार, सगळं नळीच्या तोंडानं हवेत काढलेल्या वाटेवरून ठरलंय. बार उडायला क्षणसुद्धा लागत नाही आणि त्या क्षणासाठी इमारतीची गरजही नाही. उघडा चौथरा पुरे. भिंती, छतं, माती, लोखंड हे सगळं मधल्या सहा मिनिटांसाठी आहे. हा किल्ला तोफ डागण्यासाठी नाही, तोफ भरण्यासाठी बांधलेला आहे.

मुळात ही पद्धत जहाजावरची. एल्सविकचे अभियंते जॉर्ज रेंडेल यांनी ती 'थंडरर' या ब्रिटिश युद्धनौकेच्या पुढच्या मनोऱ्यावर बसवली होती: तोफांनी तोंड डेकखाली घालायचं आणि आतून गजानं भरायचं. त्याच जहाजावर २ जानेवारी १८७९ ला मार्माराच्या समुद्रात अपघात झाला. दोन तोफांपैकी एकीचा बार उडालाच नाही, आणि आवाजाच्या दणक्यात ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. तिच्यात पुन्हा भरणी झाली आणि पुढच्या बाराला नळी फुटून ११ जण गेले. मागून भरायच्या तोफेत आत डोकावून बघता येतं, दुहेरी भरणीची शंकाच राहत नाही. ब्रिटिश आरमार यानंतर मागून भरायच्या तोफांकडे वळलं. रिनेलाचं काम मात्र तोवर सुरू झालं होतं. या वास्तूला तिचा आकार ज्या पद्धतीनं दिला, ती पद्धत वास्तू पुरी व्हायच्या आतच मागे पडली.

५ जुलै

पाऊस. प्लायवूडच्या पायानं दमट हवा पिऊन एका कोपऱ्यातून मान वर केली. पाया आता सागवानी पट्ट्यांच्या चौकटीवर कसून बसवला, खालून दोन हात वॉर्निश. सनबोर्डच्या भिंती तूर्त कपाटात.

१४ जुलै

तोफेची नळी करून घ्यायला सावंतवाडीला, चितार आळीत गेले. माहेरी जायचं निमित्तही झालं. लाकडी फळं आणि खेळणी करणाऱ्या ज्या कारागिरांकडे लहानपणी भोवरे घ्यायचो, त्यांतल्याच एका घरी चित्र दाखवलं. काकांनी कागद आडवा-उभा करून पाहिला.

"ही तोफ मा? मगे तोंडाकडे बारीक कित्याक?"

मी सांगितलं की बार होतो तेव्हा सगळ्यात जास्त दाब बुडाशी, दारू पेटते तिथे. गोळा पुढे सरकला की वायूला जागा मिळते आणि दाब उतरत जातो. म्हणून बूड जाड, तोंड सडपातळ. काका म्हणाले, मग हा उतार सलग नको, पायऱ्या दिसू देत. त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं, आणि ते त्यांनी नुसत्या चित्रावरून ओळखलं. आर्मस्ट्राँगची नळी एकसंध ओतलेली नसते. आत पोलादाची नळी, तिच्यावर लोखंडाची वेटोळी तापवून चढवायची. थंड होताना ती आवळतात आणि आतल्या नळीला कायमची मिठी मारून बसतात. बुडाकडे वेटोळ्यांचे थर जास्त, तोंडाकडे कमी. म्हणून बाहेरून पायऱ्या.

लाकूड शिवणीचं घेतलं. लेथवर लाकूड फिरायला लागलं तसे काका पटाशीनं एकेक पायरी उतरवत गेले. दर पायरीला थांबून बोटानं कड तपासायची, मग कॅलिपर. शेवटची, तोंडाजवळची कड त्यांनी जराशी फुगीर ठेवली. चित्रात ती होती आणि मी ती सांगायला विसरणार हे त्यांनी गृहीत धरलं असावं. मधलं ९ मिलिमीटरचं भोक पाडताना लाकूड चिरेल अशी मला धास्ती होती. त्यांनी आधी बारीक ड्रिल, मग मधलं, मग पूर्ण, असं टप्प्यानं नेलं. लाख लावायची नाही म्हटल्यावर थोडे नाराज झाले. लाखेची चकाकी सुंदरच दिसली असती, पण मला मंद काळा रंग हवा आहे.

२७ जुलै

तिसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीनं सरळ प्रश्न टाकला: "मॅडम, सहा मिनिटांत एक बार म्हणजे फारच कमी नाही का?"

फळ्यावर हिशेब मांडला. 'दुइलिओ'चा वेग १५ नॉट, म्हणजे ताशी जवळपास २८ किलोमीटर. सहा मिनिटांत ती पावणेतीन किलोमीटर पुढे येणार. ती सहा किलोमीटरवर असताना पहिला बार उडवला, तर दुसऱ्याच्या वेळी ती सव्वातीन किलोमीटरवर असेल आणि तिसऱ्याच्या वेळी जवळपास किनाऱ्याला. म्हणजे हातात तीन बार. मात्र 'दुइलिओ'च्या तोफांनाही एकेका भरणीला पाव तासाच्या आसपास लागायचा, आणि तिची जमीन डुलणारी. रिनेलाचा चौथरा खडकावर.

हा हिशेब वर्गात चांगलाच रंगला. मग तिनंच विचारलं की सहाची चार मिनिटं करता आली असती का. तेव्हा सगळे आपोआप छेदाच्या चित्राकडे वळले आणि बोट ठेवून वेळ मोजू लागले: धुणं, पाळणा, गज, फिरणं. स्थापत्याच्या मुलांनी इमारत मिनिटांत मोजावी हे मला फार आवडलं.

८ ऑगस्ट

भाचा दोन दिवस राहायला आला आहे, मेकॅनिकलचा इंजिनिअर. पाण्याचा दाब कसा दाखवायचा ते त्याच्यावर सोपवलं. औषधाच्या दुकानातून वेगवेगळ्या मापांच्या सिरिंज, सलाइनची पातळ नळी आणि निळी शाई घातलेलं पाणी. लहान सिरिंज दाबली की मोठीचा दट्ट्या हळू सरकतो पण जोरानं. तोफेच्या बुडाखाली मोठी सिरिंज बसवली. दट्ट्या वर आला की बूड उचललं जातं आणि तोंड खाली जातं.

पहिल्यांदा तोफ धक्के खात वर-खाली झाली. "मावशी, हवा राहिलीये आत," तो म्हणाला. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. नळीतला एक बुडबुडासुद्धा सगळी हालचाल लवचिक करून टाकतो. त्यानं नळी उभी धरून टिचक्या मारल्या, बुडबुडे वर आणून काढले, सगळे जोड पाण्याखाली धरून पुन्हा लावले. मग तोफ लोण्यासारखी फिरली.

त्याला मी आर्मस्ट्राँगच्या ॲक्युम्युलेटरबद्दल सांगितलं. रिनेलाच्या खालच्या मजल्यावर वाफेचं इंजिन होतं, पण ते तोफेला थेट हलवत नव्हतं. लहान इंजिन सावकाश पाणी पंप करतं, ते पाणी प्रचंड वजन लादलेला दट्ट्या वर उचलून धरतं. लागेल तेव्हा झडप उघडली की ते वजन खाली बसत जातं आणि एकदम मोठा जोर मिळतो. पाण्याची टाकी उंचावर बांधण्याऐवजी तिचं काम वजनाकडून करून घ्यायचं, ही युक्ती आर्मस्ट्राँगनी १८५० च्या सुमारास काढली, आणि तिच्या जोरावर पुढे गोद्यांमधल्या क्रेन चालल्या, लंडनचा टॉवर ब्रिज उघडू लागला.

भाच्यानं लगेच एक मोठी सिरिंज उभी बांधली, दट्ट्यावर ताजव्यातलं एक किलोचं वजन ठेवलं, मध्ये सलाइनची चिमटी. चिमटी सैल केली की वजन खाली येतं आणि तोफ आपली आपण तोंड घालते. हे जसंच्या तसं प्रतिकृतीत राहणार. यंत्रघर म्हणजे रिकामी खोली नव्हे, हे आता शब्दांवाचून कळेल.

२० ऑगस्ट

लेझर कटिंगवाल्याकडे मखरांची रांग लागली आहे, आमच्या चिलखती भोकाच्या चकत्या गणपतीनंतरच. तोवर कॅपोनिअर हातानं कापले.

९ सप्टेंबर

चकत्या आल्या, नेमक्या बसल्या.

खालचा मजला सुरू. त्या काळच्या दारूकोठारांत उजेडाचा प्रश्न मोठा असे. दारूच्या खोलीत उघडी ज्योत नेणं म्हणजे आत्मघात. म्हणून भिंतीत खिडकीसारखे कोनाडे ठेवत, त्यांना दारूच्या बाजूनं जाड काच आणि दिवा मागच्या बाजूच्या वेगळ्या बोळातून आत ठेवायचा. दिवा लावणारा माणूस कोठारात पाऊल टाकतच नसे. आत जाणाऱ्यांना उंबऱ्यापाशी कपडे आणि बूट बदलावे लागत, कारण खिळ्याच्या बुटाची एक ठिणगी पुरेशी. एकाच भिंतीच्या दोन बाजूंना दोन जगं आणि मध्ये काच; इतकी विचारपूर्वक काढलेली खिडकी मला दुसरीकडे क्वचितच दिसली आहे.

प्रतिकृतीत कोनाड्यामागे पिवळा एलईडी आणि पुढे ओएचपी शीटचा तुकडा. दिवा लागल्यावर उजेड थेट गोळ्यांच्या रांगेवर पडतो. गोळे म्हणजे साडेआठ मिलिमीटरच्या पितळी सळईचे तुकडे, टोकाला कानशीनं निमुळते केलेले. काळे रंगवले तरी कडेला पितळ चमकत राहतं. तसंच ठेवलं.

१८ सप्टेंबर

फलकांचा मजकूर. महाराष्ट्राशी जोडणारे दोन धागे घ्यायचे ठरवलं, कारण दोन्ही खरे आहेत आणि फारसे कुणाला ठाऊक नाहीत.

पहिला: १८७८ मध्ये रशियाशी युद्ध होईल अशी हवा तापली, तेव्हा ब्रिटनचे पंतप्रधान डिझरायली यांच्या सरकारनं सुमारे सात हजार हिंदी सैनिक मुंबईहून जहाजांनी माल्टाला हलवले. त्यांत बाँबे नेटिव्ह इन्फंट्रीच्या पलटणी होत्या आणि बाँबे सॅपर्स ही लष्करी अभियंत्यांची तुकडीही, जिचं मुख्य ठाणं आजही आपल्या खडकीला आहे. युद्ध झालं नाही. रिनेलाचं बांधकाम सुरू झालं ते याच वर्षी. माल्टाच्या रस्त्यांवर त्या उन्हाळ्यात मराठी बोललं गेलं असणार, असं मी वर्गात म्हणेन. फलकावर मात्र फक्त सैन्याच्या हालचालीची नोंद.

दुसरा: जिब्राल्टरला जी शंभर टनी तोफ अजून शाबूत आहे तिच्या जागेचं नाव 'नेपियर ऑफ मॅग्डाला बॅटरी'. हे रॉबर्ट नेपियर १८६५ ते १८६९ मुंबई फौजेचे सरसेनापती होते. १८६८ मधल्या ज्या ॲबिसीनियाच्या मोहिमेवरून त्यांना 'मॅग्डाला' ही उपाधी मिळाली, ती मोहीम मुंबईहूनच निघाली होती. पुढे ते जिब्राल्टरचे गव्हर्नर झाले. चारांपैकी दोनच तोफा आज उरल्या आहेत, ही आणि रिनेलाची.

३० सप्टेंबर

रंगाचं काम. चुनखडकासाठी पुट्टीत थोडी पिवळी माती आणि चहाचं पाणी मिसळून पाहिलं, मग वाळल्यावर टाचणीनं कोरलं. हा दगड खाऱ्या वाऱ्यानं मधमाश्यांच्या पोळ्यासारखा पोखरला जातो. ते पोखरणं समुद्राकडच्या कडांवर जास्त, खंदकात कमी. सगळीकडे सारखं केलं तर खोटं दिसतं.

तोफेचा उरलेला इतिहास छोट्या फलकावर मावला. १० सप्टेंबर १८८२ ला ती माल्टात पोचली. पुढे रिनेलाच्या किनाऱ्यावर उतरवून तोफखान्याच्या शंभर माणसांनी ती सुमारे तीन महिन्यांत ओढत वर आणली. जानेवारी १८८४ मध्ये ती सज्ज झाली. सरावाचा बार तीन महिन्यांतून एकदाच, कारण एका गोळ्याचा खर्च २,६०० सैनिकांच्या एका दिवसाच्या पगाराएवढा होता. १९०६ मध्ये तिला निवृत्त केलं. शत्रूवर तिनं एकही गोळा टाकला नाही. दुसऱ्या महायुद्धात किल्ल्यावर बाँब पडले, नंतर बरीच वर्षं तो पडीक होता. १९९१ पासून 'फोंदात्स्योनी विर्त आर्तना' या माल्टाच्या वारसा संस्थेनं त्याची डागडुजी हाती घेतली.

या संस्थेच्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. तोफ नुसती रंगवून ठेवली असती तरी पर्यटक आले असते. त्यांनी पूलसुद्धा पुन्हा सरकता केला. हलणाऱ्या वास्तूची डागडुजी करायची तर तिचं हलणंही जपावं लागतं.

११ ऑक्टोबर

जोडणी झाली. आज तोफ कुठल्या स्थितीत ठेवायची यावर बराच वाद झाला. मुलांचं म्हणणं, समुद्राकडे रोखलेली ठेवू; लोक त्यासाठीच बघायला थांबतात. मी म्हटलं, तोंड भरणीच्या भोकाला लावलेलं ठेवू. समुद्राकडे रोखलेली तोफ पाहिली की नजर समुद्राकडे जाते आणि इमारत डोळ्यांआड होते. भोकाला टेकलेली तोफ दिसली की माणूस विचारतो, ही खाली मान घालून काय करते आहे, आणि तिथून तो खोली, पाळणा, कोठार, दिव्याची काच असा आत आत उतरत जातो. हिशेब मांडून घेणारी ती विद्यार्थिनी माझ्या बाजूनं बोलली. शेवटी ठरलं: सकाळी उघडताना भोकाला टेकलेली, आणि ज्याला हवं त्यानं चिमटी सोडून फिरवावी.

उरलेली कामं: सरकत्या पुलाचे रूळ अजून घट्ट जातात, मेणबत्तीचं मेण घासून बघायचं. सलाइनच्या नळीचे वरचे दोन जोड बदलायचे, निळं पाणी पाझरून चुनखडकावर डाग पडायला नको. भाच्याला फोन करून जास्तीच्या सिरिंज मागवल्या. चितार आळीच्या काकांना प्रदर्शनाचं पत्र पाठवलं आहे. ते येणार असतील तर नळी कुणी केली ते फलकावर त्यांना विचारूनच लिहीन.